‘चढते किती?’ हा प्रश्न आपल्याला कोणी शिकवला?

१/
मुंबई–कोलकाता महामार्गाने नागपूरहून पूर्वेकडे निघाले की सुमारे शंभर किलोमीटरवर साकोली लागते. भोवती धानाच्या बांध्या, मालगुजारी काळापासूनचे तलाव, उत्तरेला नागझिऱ्याचे जंगल आणि मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली पडलेला मोहफुलांचा सडा. या झाडीपट्टीत मद्याविषयी एक मत सिद्धान्ताच्या थाटात ऐकू येते. दारू ती मोहाची, ती आपली; वाइन ती दर्दी माणसाची; बिअर मात्र गोऱ्यांचे कडू पाणी, ना धड चव, ना धड नशा. आजचा धागा या मताच्या विरोधात आहे.

२/
आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. जो पीत नाही त्याने प्यावे, असे सुचवणारे एकही वाक्य पुढे येणार नाही. प्रश्न आहे तो जे पितात त्यांच्या निवडीचा, आणि त्या निवडीच्या इतिहासाचा. माझे प्रतिपादन असे: दुकानाच्या खिडकीशी उभा असलेला माणूस “चव कशी?” न विचारता “चढते किती?” असे विचारतो, तो त्याचा जन्मजात स्वभाव नव्हे. दीडशे वर्षांच्या अबकारी व्यवस्थेने त्याला लावलेले ते वळण आहे.

३/
प्रथम कुळांचा निवाडा करू, कारण अर्धा गैरसमज तिथेच आहे. फळात किंवा फुलात साखर तयार असते. ती थेट आंबवली की द्राक्षाची वाइन होते. धान्यात साखर नसते, पिष्ट असते. ते आधी साखरेत उतरवावे लागते, धान्याला मोड आणून किंवा बुरशीयुक्त किण्वाच्या साहाय्याने. मग ती साखर आंबते. हे झाले बिअरचे कुळ. आंबलेल्या द्रवाला भट्टीवर चढवून त्याची वाफ धरली की ते मद्य तिसऱ्या वर्गात जाते: ऊर्ध्वपातित.

४/
आता गंमत पाहा. मोहफुलात साखर तयार असते; म्हणून मोहाची दारू कुळाने ब्रँडीची बहीण ठरते. व्हिस्की मात्र बिअरची थेट कन्या आहे. मोड आणलेले जव भिजवून, आंबवून जो द्रव तयार होतो तो हॉप्सविना केलेली बिअरच असते. त्याचेच ऊर्ध्वपातन करून ती लाकडी पिंपात मुरवली की व्हिस्की. म्हणजे “मी व्हिस्की पितो, बिअरला हात लावत नाही” असे म्हणणारा गृहस्थ “मी तूप खातो, दुधाला शिवत नाही” असे म्हणत असतो. म्हणोत बापडे, परंतु त्यात कुलीनतेचा आव आणू नये.

५/
त्याहून बोचरे सत्य असे की आपल्याकडे ‘व्हिस्की’ म्हणून खपलेल्या स्वस्त मद्याचा मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलवर उभा राहिला आहे. त्यात थोडी माल्ट व्हिस्की, थोडा रंग, थोडा सुवास. उगमाच्या हिशेबाने ते रमचे भावंड. सारांश, बिअरला तुच्छ लेखणाऱ्या अनेकांच्या पेल्यात जवाचा अंश बिअरच्या बाटलीतल्यापेक्षा कमी असतो.

६/
‘बिअर परकी, वाइन उच्च परंपरेची’ हा दुसरा दावा. याला उत्तर देण्यासाठी कौटिल्याकडे जावे लागेल. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. तिथे मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार सांगितले आहेत. मेदकाची कृती मापांसह दिली आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. चार प्रस्थांचा आढक आणि चार आढकांचा द्रोण धरला, तर सोळा भाग पाण्याला दोन भाग तांदूळ आणि तीन भाग किण्व.

७/
किण्व म्हणजे काय, तेही तिथेच सांगितले आहे: उडदाचा लगदा, त्यात तांदूळ आणि काही वनस्पती. धान्याचेच विरजण म्हणा ना. तांदूळ, पाणी आणि धान्याचे विरजण यांपासून होणारे हे पेय कोणत्याही व्याख्येने बिअरच्या कुळातले ठरते. आता त्याच यादीतल्या ‘मधु’कडे पाहा. मधु म्हणजे द्राक्षरसाचे मद्य. त्याचे प्रकार कोणते? कापिशायन आणि हारहूरक. ही दोन्ही नावे वायव्येकडच्या प्रदेशांवरून पडली आहेत. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेचा मुलूख.

८/
म्हणजे कौटिल्याच्या दृष्टीने घरची होती ती तांदळाची सुरा, आणि दूरदेशीच्या नावाने ओळखली जाई ती वाइन. दख्खनचा पुरावाही याच बाजूने बोलतो. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदरात इटलीहून येणाऱ्या वाइनची नोंद आहे, आणि तिकडच्या वाइनकुंभांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात मिळाले आहेत. सातवाहनकाळात वाइन जहाजाने येत होती. मग परके कोण आणि घरचे कोण?

९/
वैदिक कर्मकांडातही हेच दिसते. सौत्रामणी यागात लागणाऱ्या सुरेच्या कृतीत अंकुरलेल्या धान्याचा समावेश आहे. धान्याला मोड आणणे म्हणजे माल्ट करणे. आजच्या बिअर कारखान्यातली पहिली पायरी तीच. प्राचीनांनी बिअरचा शोध लावला, अशी फुशारकी मला मारायची नाही. मेसोपोटेमिया आणि इजिप्तचे पुरावे याहून कितीतरी जुने आहेत. धान्य आंबवण्याची विद्या या भूमीला अनोळखी नव्हती, एवढेच सिद्ध करायचे आहे. आणि तेवढे पुरेसे आहे.

१०/
प्राचीन ग्रंथ नकोत, जिवंत पुरावा हवा, असे कोणी म्हणेल. तर साकोलीहून याच महामार्गाने पूर्वेला चला. राजनांदगाव, रायपूर, तिथून दक्षिणेला बस्तर. बस्तरच्या बाजारांत ‘लांदा’ मिळतो: तांदळाचे पीठ वाफवून, त्यात मोड आणलेल्या मक्याचे पीठ घालून आंबवलेला. मोड आलेले धान्य पिष्टाची साखर करते. हे तंत्र बव्हेरियातल्या कारखान्यात आणि बस्तरच्या मडक्यात एकच आहे. आणखी पूर्वेला झारखंडात तांदळाची हंडिया. आपल्या सीमेपासून एका दिवसाच्या प्रवासावर बिअर नांदते आहे. आपण तिला बिअर म्हणत नाही, इतकेच.

११/
मग प्रश्न उरतो तो असा: धानाच्या या पट्ट्यात, जिथे तांदळाला तोटा नाही, तिथे मद्य म्हटले की भट्टीच का आठवते? मोहाचे झाड मुबलक आहे, फूल वाळवून वर्षभर ठेवता येते, हे एक कारण झाले. दुसरे कारण कागदोपत्री आहे. १८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, आणि भंडारा त्यात गेला. त्यासोबत आला अबकारी महसूल.

१२/
अबकारी अंमलदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. घरोघरी मडक्यात आंबणारी तांदळाची सुरा त्याच्या काय कामाची? ती चार दिवसांत आंबट होते, तिची साठवण होत नाही, वाहतूक होत नाही, आणि प्रत्येक मडक्यावर पहारा ठेवता येत नाही. ऊर्ध्वपातित दारू मात्र टिकते, पिंपात मोजता येते आणि हायड्रोमीटर बुडवून तिची तीव्रता आकड्यात मांडता येते. राज्यसत्तेला जे मोजता येते ते आवडते. दारूची तीव्रता हा आकडा आधी सरकारी वहीत आला. पिणाऱ्याच्या तोंडी तो मागाहून बसला.

१३/
ब्रिटिश हिंदुस्थानात या वसुलीच्या दोन मुख्य रीती होत्या. दुर्गम भागात ‘आउटस्टिल’: विशिष्ट जागी भट्टी लावून दारू विकण्याचा हक्क लिलावात घ्यायचा. जिथे देखरेख शक्य तिथे मध्यवर्ती भट्टी: दारू सरकारी आवारात गाळायची आणि ‘प्रूफ गॅलन’वर कर भरून बाहेर न्यायची. दोन्ही रीतींचा केंद्रबिंदू भट्टी हाच होता. मक्तेदाराला नफा हवा, सरकारला महसूल हवा. आंबवलेल्या सौम्य पेयाचा वाली कोणीच नव्हता.

१४/
मुंबई इलाख्यात तर याहून पुढची मजल गाठली गेली. १८७८ चा अबकारी कायदा आला, आणि १८९२ च्या मोहडा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफूल जवळ बाळगण्यावरच निर्बंध घातले. जे फूल पोटाला आधार देते, गुरांना घालता येते, ते घरात सापडले म्हणून माणूस गुन्हेगार! कायद्याचा रोख मद्यपानावर होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मक्त्याबाहेरच्या, कर न भरणाऱ्या दारूवर त्याचा रोख होता.

१५/
याच काळात गोऱ्या सैनिकाच्या बाबतीत सरकार काय करत होते, हे मात्र अवश्य पाहावे. १८५० च्या दशकात एडवर्ड डायरने कसौलीला बिअरचा कारखाना काढला. १८६० मध्ये मरीची ब्रुअरी स्थापन झाली. हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. सैनिकांना कडक दारूऐवजी बिअरसारखे सौम्य पेय द्यावे, हा विचार त्यात ठामपणे मांडला गेला. पुढे देशी ब्रुअऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक लष्करच राहिले.

१६/
दोन चित्रे शेजारी ठेवा. गोऱ्या शिपायाचे यकृत शाबूत राहावे म्हणून त्याला भट्टीच्या दारूपासून दूर नेऊन बिअर द्यायची. आणि रयतेला मात्र भट्टीचीच दारू विकायची, कारण तिच्यावर कर वसूल होतो. एकाच सरकारची ही दोन धोरणे. बिअर ‘गोऱ्यांची’ झाली ती हवामानामुळे नाही, वंशामुळे नाही. आपल्याकरिता ती कधी मांडलीच गेली नाही, म्हणून झाली.

१७/
इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे अयोग्य होईल. दारूविरोधी चळवळी केवळ सरकारने वा उच्चवर्णीय सुधारकांनी लादलेल्या नव्हत्या. १८८० मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या वाढत्या गुत्त्यांविरुद्ध नगरपालिकेकडे तक्रार केली. १९२२ च्या देवी चळवळीत दक्षिण गुजरात व लगतच्या भागातल्या आदिवासींनी आपणहून दारू सोडली आणि गुत्तेवाल्यांची अर्थव्यवस्था हलवून सोडली. साकोलीहून दक्षिणेला लाखांदूर ओलांडले की लागणारा गडचिरोली जिल्हा १९९३ पासून दारूबंदीत आहे. तीही लोकांच्या मागणीतून आली.

१८/
मी या चळवळींच्या विरोधात नाही. उलट माझ्या प्रतिपादनाला त्यांचाच आधार आहे. त्यांचा राग कशावर होता? गुत्त्यावर, कर्जावर, मक्तेदारावर, भट्टीच्या दारूने उद्ध्वस्त केलेल्या संसारावर. म्हणजे ‘चढते किती’ या एकाच मापावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेवर. ज्याला पिणे सोडायचे आहे त्याने सोडावेच. परंतु जो पिणारच आहे, त्याच्यापुढे चाळीस टक्क्यांचे एकच दार उघडे ठेवायचे आणि मग त्याच्या अतिरेकाला दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

१९/
ही व्यवस्था इतिहासजमा झाली, असे वाटत असेल तर आजचे आकडे पाहा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने देशी दारूचे उत्पादनशुल्क प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये करण्याचा निर्णय घेतला. गॅलन जाऊन लिटर आले. ‘प्रूफ’ तसेच राहिले. त्याच वेळी देशी दारूच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. तीव्रता सुमारे ४० टक्के धरली, तर त्यात ७२ मिलिलिटर अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ते साडेबत्तीसच असते, आणि ती बाटली ८० रुपयांत मिळत नाही.

२०/
मग मजुरी करून आलेला माणूस कोणती बाटली उचलेल? त्याचा हिशेब चोख आहे. चुकला आहे तो तराजू. बिअर उद्योगानेही हाच तराजू स्वीकारला. भारतात खपणाऱ्या बिअरपैकी बहुतांश ‘स्ट्राँग’ असते, आठ टक्क्यांच्या आसपासची. ती बर्फासारखी थंड करून घशाखाली ढकलायची, म्हणजे जीभ बधिर आणि डोके जड. अशी बिअर चाखून “बिअरला चव नसते” असा निष्कर्ष काढणे म्हणजे बसस्थानकावरचा वडापाव खाऊन महाराष्ट्राच्या पाककलेवर निकाल देण्यासारखे आहे.

२१/
मग वाइनवाल्याला, व्हिस्कीवाल्याला बिअर दाखवायची कशी? इतिहासाच्या वाटेनेच. दुकानातली फिकट, सोनेरी बिअर हा बिअरचा फक्त एक प्रकार, आणि तोही बराच अलीकडचा. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झेन गावी योझेफ ग्रोलने ती पहिल्यांदा केली; नंतर कृत्रिम शीतकरणाने ती जगभर पसरली. त्याआधीची आणि त्याशेजारची बिअर काळी होती, तांबडी होती, आंबट होती, धुरकट होती. ज्याला पिल्झेनची वंशज आवडत नाही, त्याने बाकीच्या सगळ्या घराण्याशी अबोला का धरावा?

२२/
रमवाल्यापासून आरंभ करू. मळीचा गडदपणा, भाजलेल्या साखरेचा वास ज्याला आवडतो, त्याने पोर्टर किंवा स्टाउट चाखावी. भाजलेल्या जवामुळे तिला कॉफीची, कडसर चॉकलेटची चव येते. इथे एक दंतकथाही मोडून ठेवतो. ‘इंडिया पेल एल’ ही बिअर हिंदुस्थानच्या सागरी प्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम शोधली, असे सांगतात. वास्तविक लंडनच्या बो ब्रुअरीतला जॉर्ज हॉजसन आधीपासून प्रचलित असलेली भरपूर हॉप्सची बिअरच कंपनीच्या कप्तानांना पाठवी, आणि लांब मुदतीच्या उधारीवर देई. शिवाय साध्या शिपायांसाठी इकडे आलेली बिअर प्रामुख्याने पोर्टर होती, आणि तीही तो प्रवास सुखरूप करत होती.

२३/
जिनवाल्याला ती पेल एलच द्यावी. जिनची ओळख वनस्पतींच्या सुगंधाची, आणि हॉप्स हेही वेलीवरचे सुगंधी फूलच. त्याला कधी संत्र्याच्या सालीचा, कधी देवदाराचा वास येतो. धुरकट स्कॉच आवडणाऱ्याने जर्मनीतल्या बांबेर्गची राउखबिअर लक्षात ठेवावी. तिचे माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवतात. ब्रँडीवाल्याला बार्ली वाइन: नावात वाइन, अंगात जव, चवीत सुका मेवा. या गडद बिअर बर्फगार पिऊ नयेत. फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटे थांबावे. सुवास थंडीत गोठलेला असतो.

२४/
वाइनवाल्याची तक्रार बहुधा कडवटपणाची असते. त्याला सांगावे, बिअर कडूच असली पाहिजे असा नियम नाही. ब्रसेल्सच्या परिसरातली लाम्बिक हवेतल्या यीस्टने आपोआप आंबते, पिंपात वर्षानुवर्षे मुरते आणि कोरड्या वाइनसारखी आंबट लागते. तिच्यात चेरी घातली की क्रीक. तांबड्या वाइनच्या चाहत्याला फ्लँडर्सची लाकडात मुरलेली तांबडी बिअर. पांढऱ्या वाइनच्या चाहत्याला गव्हाची बेल्जियन बिअर, जिच्यात धने आणि संत्र्याची साल असते. हा प्रकार नामशेष झाला होता. १९६६ मध्ये हूगार्डन गावात पियर सेलिसने तो पुन्हा उभा केला. धने घातलेले पेय मराठी जिभेला परके वाटावे, यासारखा विनोद नाही.

२५/
आणि मोहाची दारू जाणणारा? त्याच्यासाठी बव्हेरियाची गव्हाची बिअर. मोहाचा सुवास जसा फुलाचा, तसा हिचा पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा. आणि त्यात केळे नसते, लवंगही नसते, सगळी करामत यीस्टची. १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता कायद्याने बिअरला फक्त जव, हॉप्स आणि पाणी एवढीच मुभा दिली होती, गव्हाला नाही. गव्हाच्या बिअरचा हक्क अपवाद म्हणून मोजक्यांकडे राहिला. पुढे खुद्द राजघराण्यानेच तो आपल्या हाती घेऊन त्यावर गल्ला भरला. कायदा प्रजेला आणि सवलत तिजोरीला. ही रीत केवळ आपल्याकडची नाही.

२६/
या बिअर महाराष्ट्रात मिळतच नाहीत, असेही आता म्हणता येत नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. नावाची कथा खास आहे: नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाण्याची वाट पाहत कुजणाऱ्या गोऱ्या शिपायांना वेड लागे, म्हणून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला. पुण्या-मुंबईत आज तांदूळ, मध, फळे, मसाले घालून बिअर होते. मग धानाच्या आणि मोहाच्या पट्ट्यानेच काय घोडे मारले आहे?

२७/
राज्याने द्राक्षाच्या वाइनला २००१ च्या धोरणापासून करसवलती दिल्या. २०२२ मध्ये ती सुपरमार्केटात विकण्याचा निर्णयही मंत्रिमंडळाने केला होता. द्राक्ष बागायतदाराचे हित हे कारण सांगितले गेले. ठीक. मग धान उत्पादकाचे हित कोणत्या खात्यात येते? २०२१ मध्ये राज्याने मोहफुलाच्या संकलन-वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे मात्र त्याच फुलाचे आंबवण पंचनाम्यात ‘सडवा’ म्हणून नोंदले जाते आणि जमिनीवर ओतले जाते. आंबील, इडली आंबते, मोह ‘सडतो’. भाषेनेही बाजू घेतली आहे.

२८/
म्हणून मागण्या सरळ आहेत. अल्कोहोलच्या प्रमाणात कर लावा, पण असा की सौम्य पेय त्या हिशेबात महाग पडू नये. पूर्व विदर्भात धान आणि मोहफूल वापरणाऱ्या छोट्या, परवानाधारक ब्रुअऱ्यांना वाट द्या. त्यात फूल वेचणाऱ्या बायांचा वाटा ठेवा. परवान्याशिवाय मद्य करणे गुन्हा आहे, तो कोणी करू नये. वाचकांत जे २१ वर्षांखालचे आहेत, त्यांच्यासाठी हा धागा केवळ इतिहास आहे; या राज्यात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ ही वयोमर्यादा आहे. कायद्यालासुद्धा सौम्य आणि कडक यांतला फरक कळतो. करपत्रकाला तेवढा कळत नाही.

२९/
पिणाऱ्यांकडे मागणे एवढेच. पुढच्या वेळी दुकानाच्या खिडकीशी उभे राहाल, तेव्हा “चढते किती?” हे शब्द ओठांवर येण्याआधी क्षणभर थांबा. तो प्रश्न तुमचा नाही. तो हायड्रोमीटर हातात घेतलेल्या अंमलदाराचा आहे. तो गेला, त्याचा प्रश्न आपल्या जिभेवर राहिला. मेदक करणाऱ्या गृहिणीने आणि लांदा विकणाऱ्या मावशीने जो प्रश्न ओळखला असता तो विचारा: कशाची केली आहे, आणि चव कशी आहे?

३०/
आणि साकोलीच्या चौकात कोणी पुन्हा म्हणालेच की बिअर परकी आहे, तर त्याला शांतपणे मागचा धानाचा बांध दाखवा. तो म्हणेल, हा तर तांदूळ आहे. तुम्ही म्हणा, कौटिल्यही हेच म्हणाला होता.